नळाच्या डाव्या हाताला

भांडारपालांनी स्वयंपाकघरातली फळी वीतभर वर सरकवायचं ठरवलं, तेव्हा त्यातून पुढे काय रामायण घडणार आहे याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. (असती तरी त्यांनी ती सरकवलीच असती. हातात पाना आला की या माणसाला दुसरं काही सुचत नाही.)

भांडारपाल म्हणजे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्मभर नटबोल्ट मोजून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त झाले तरी सगळी कॉलनी त्यांना भांडारपालच म्हणायची. घरी मोजायला नटबोल्ट नव्हते, म्हणून त्यांनी घराच्या सुधारणा हाती घेतल्या. त्यांनी सुधारलेलं न्हाणीघराचं दार आता फक्त बाहेरून लागतं. त्यांनी सुधारलेली बेल दाबली की जिन्यातला दिवा जातो. बेल वाजते, नाही असं नाही, पण शेजाऱ्यांकडे.

तर फळी वर गेली. फळीबरोबर डबे वर गेले आणि डब्यांपाठोपाठ त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे काकू, स्टुलावर चढल्या. स्टूल डगमगलं (तेही सुधारलेलं होतं) आणि काकू खाली आल्या. पाय मोडला. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि जिना उतरायचं नाव काढायचं नाही, असं बजावलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे नाव काढून उपयोगही नव्हता.

पाय मोडला तेव्हा काकू रडल्या नाहीत. प्लास्टर घालतानाही रडल्या नाहीत. घरी येऊन पलंगावर टेकल्या आणि मग एकदम त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"अहो, माझ्या प्लॉटचं काय होणार?"

"मी आहे ना!"

"तेच तर म्हणते मी."

आता हा प्लॉट म्हणजे काय ते सांगायला हवं. वस्तीच्या कडेला नगरपालिकेची मोठी मोकळी जागा होती. तिचे लहान लहान तुकडे करून, ज्यांच्या घराला अंगण नाही अशा लोकांना ते भाजीपाला लावायला दिले होते. त्या जागेला सगळे मळा म्हणायचे. काकूंनी तिथे अर्ज केला तेव्हा धाकटी मुलगी पाळण्यात होती, आणि प्लॉट हातात आला तेव्हा ती नोकरीला लागली होती. मळ्याचे नियम दोनच, पण कडक. पाहणीच्या दिवशी प्लॉट पडीक दिसला तर तो काढून रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यायचा. आणि कष्ट घरच्याच माणसाने करायचे, मजूर लावलेला दिसला तरी प्लॉट गेलाच म्हणून समजा. मळ्याचे सेक्रेटरी हे नियम सख्ख्या बापालाही लावतील असे होते. (वडील हयात नव्हते म्हणून वाचले.) आणि पाहणी तर प्लास्टर निघतं न निघतं तोच येऊन ठेपणार होती.

काकू रोज सकाळी मळ्यात जायच्या आणि ऊन चढायच्या आत पिशवीभर भाजी घेऊन यायच्या. तेवढा वेळ त्यांना कुणी 'अगं, माझा चष्मा कुठाय' असं विचारत नसे. भांडारपालांना मात्र त्यांनी तिकडे कधी फिरकू दिलं नव्हतं. अगदी पहिल्या दिवशी सामान उचलायला म्हणून ते एकदा गेले होते. ओसाड जमीन बघून 'इथे काय डोंबल उगवणार' म्हणाले होते. त्यानंतर प्रवेश बंद.

"हे बघा," काकूंनी डोळे पुसून त्यांना समोर बसवलं. "फक्त पाणी घालायचं. पाणी. कळलं? फळी लावायची नाही, खिळा ठोकायचा नाही, सुधारणा तर मुळीच करायची नाही."

"अगं, पण प्लॉट कुठला?"

"नळाच्या डाव्या हाताला, पहिलाच. आंधळ्यालासुद्धा सापडेल."

आंधळ्याला सापडला असता. तो बिचारा कुणाला तरी विचारून गेला असता.

काकू मळ्यात जायच्या त्या पुढच्या फाटकाने. पण मळ्याच्या मागच्या गल्लीत एक हार्डवेअरचं दुकान होतं, आणि हार्डवेअरचं दुकान टाळून पुढे जाईल तो भांडारपाल कसला! झारी घेतो म्हणून ते आत शिरले आणि झारी, कुदळ, फावडं, खुरपं, सुतळीचा गुंडा आणि एक मोजायची टेप घेऊन बाहेर पडले. बघतात तर समोरच मळ्याचं मागचं फाटक. आत गेले. नळ दिसला. डाव्या हाताला पहिला प्लॉट दिसला. काम फत्ते!

तुमच्या लक्षात आलंच असेल. मागून येणाऱ्याचा डावा हात तो पुढून येणाऱ्याचा उजवा. हे तुम्हाला कळलं, मला कळलं, पण मोठमोठ्या ऑडिटरांना घाम फोडलेल्या भांडारपालांना काही कळलं नाही.

त्यांच्यासमोर रान माजलं होतं. कमरेइतकं गवत, त्यात काटेरी झुडपं, आणि मधोमध एक पालथी पडलेली फुटकी बादली. बादलीवर एक मांजर निवांत झोपलं होतं. नळाच्या पलीकडच्या प्लॉटवर मात्र नजर ठरत नव्हती. टोमॅटोचे घोस लोंबत होते, घेवडा काठ्यांवर चढून पुढे कुठे चढावं या विचारात पडला होता आणि एका कोपऱ्यात भोपळ्याचा वेल पाय पसरून बसला होता.

भांडारपालांना आधी आश्चर्य वाटलं. मग राग आला. मग ते मांजराला उठवून बादलीवर बसले आणि विचार करू लागले, आणि हळूहळू त्यांना सगळा उलगडा झाला. (त्यांना उलगडा झाला की आपण सावध व्हावं, असा आमच्या कॉलनीचा अनुभव आहे.)

म्हणजे हिला काही पिकवता आलंच नाही! एवढी वाट बघून प्लॉट मिळाला, नवरा तोंडावर 'काय डोंबल उगवणार' म्हणाला, आणि खरंच काही उगवलं नाही. मग सांगणार कुणाला? रोज सकाळी इथे येऊन बसायचं, जाताना मंडईतून भाजी घ्यायची, तिला जराशी माती फासायची आणि हसत घरी यायचं. इतकी वर्षं! आणि आपण काय केलं? ती भाजी खाता खाता मीठ कमी आहे म्हणालो.

बाजूच्या प्लॉटवरचे टोमॅटो भांडारपालांना धूसर दिसायला लागले. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की आपल्याला हे कळलंय, हे तिला मरेपर्यंत कळू द्यायचं नाही. आणि पाहणीच्या आत या रानाचा असा मळा करायचा की हिचा प्लॉट काढून घ्यायची कुणाची छाती होणार नाही.

ते उठले, हातावर थुंकले आणि पहिली कुदळ मारली. ती बादलीला लागली.

त्या दिवशी ते मंडईतून वांगी घेऊन घरी गेले. जिन्यातल्या कुंडीतली माती वांग्यांना चोळायला ते विसरले नाहीत.

"ही बघ, तुझी वांगी!"

काकूंनी एक वांगं हातात घेतलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"जांभळी आहेत."

"मग? वांगी जांभळीच असतात."

"मी हिरवी लावली होती."

भांडारपाल क्षणभर गडबडले. पण मनात म्हणाले, वा गं बाई! अजूनही नाटक सोडत नाही. काय ही जिद्द!

"उन्हाने रंग चढला असेल," ते प्रेमाने म्हणाले.

काकूंनी वांगं पदराने पुसलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. भांडारपालांना वाटलं, ओशाळली बिचारी. त्यांनी स्वतः उठून चहा केला आणि साखर जरा जास्तच घातली.

दुसऱ्या दिवशी ते गवताशी झटापट करत असताना पलीकडच्या हिरव्यागार प्लॉटवर एक वयस्कर गृहस्थ झारी घेऊन आले. गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच लोंबत होती. ते शिंपी होते, मळ्यात सगळे त्यांना टेलरमास्तर म्हणायचे. भांडारपालांना खणताना पाहून मास्तरांनी झारी खाली ठेवली आणि हातच जोडले.

"तुम्ही काकूंचे ना? काकूंनी पाठवलं?"

"हो. तिचा पाय मोडलाय. पण कुणाला बोलू नका, सेक्रेटरींच्या कानावर जायचं."

"अरे अरे! स्वतःचा पाय मोडलाय आणि तरी तुम्हाला इकडे पाठवलं? देवमाणूस हो! मागे म्हणाल्या होत्या मला, मास्तर, काळजी करू नका, आमच्या ह्यांना वेळ झाला की पाठवते खणायला. मला वाटलं, आपलं बोलायचं म्हणून बोलल्या."

आता खरी गोष्ट अशी की ते रान मास्तरांचं होतं, आणि काकू दिसल्या नाहीत म्हणून ते त्यांच्या झाडांना पाणी घालायला आले होते. मशीनवर वाकून वाकून त्यांची कंबर गेली होती, कुदळ उचलवत नव्हती आणि यंदाच्या पाहणीत आपला प्लॉट जाणार म्हणून ते रात्रंदिवस झुरत होते. काकूंनी एकदा सहज दिलेला शब्द असा सदेह कुदळ घेऊन उभा राहिलेला बघून त्यांना भरून आलं होतं. भांडारपालांनी मात्र त्याचा अर्थ असा लावला की आपल्याकडून हे रान खणून घ्यायचं हिने आधीच ठरवून ठेवलं होतं आणि ते शेजाऱ्यांजवळ बोलूनही दाखवलं होतं.

"मला काही खणणं जमायचं नाही," मास्तर म्हणाले. "पण पाण्याचं माझ्याकडे लागलं. रोज सकाळी येऊन झारीने घालत जाईन. तेवढं तरी करू द्या."

"घाला की! पण काय हो ही बाग, मास्तर! हाताला जादू आहे, जादू!"

"जादूच. नुसतं पाणी दाखवलं की पुरे."

किती नम्र माणूस, भांडारपालांना वाटलं. असा शेजारी असून हिच्या प्लॉटवर गवत! त्यांना पुन्हा काकूंची दया आली.

चार दिवसांनी मास्तर टोमॅटोंनी भरलेली पाटी घेऊन आले. "हे घरी घेऊन जा. पिकून गळायला लागलेत."

"छे छे! तुमच्या कष्टाचं आहे."

"माझे कसले कष्ट?"

"असं कसं! तुम्ही खा, नातवंडांना द्या. आम्हाला काही कमी नाही."

मास्तर थक्क होऊन पाटीकडे बघत राहिले. जमीनही खणून देतात आणि वर भाजीही देतात! त्या दिवसापासून काकूंचे टोमॅटो, काकूंचा घेवडा आणि काकूंची हिरवी वांगी मास्तरांच्या घरी शिजू लागली. आणि भांडारपाल रोज मंडईतून पिशवी भरून, माती चोळून, तिसरा मजला चढत राहिले.

घरी सवालजवाब काही थांबत नव्हते.

"भोपळा केवढा झाला हो?"

"हा एवढा." भांडारपालांनी हातांनी ताटाएवढा भोपळा दाखवला.

दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. आता लहान कसा दाखवणार? भोपळा परातीएवढा झाला. पुढच्या आठवड्यात भांडारपालांचे हात पुरेनात.

"मग आणा की घरी," काकू म्हणाल्या. "बघू तरी."

आली का पंचाईत! भांडारपालांनी अख्खी मंडई पालथी घालून सगळ्यांत मोठा भोपळा गाठला. बसमध्ये त्याला मांडीवर घेऊन बसले. एका बाईंनी 'बाळ किती महिन्यांचं' अशी चौकशीही केली, कारण भोपळ्याला त्यांनी उन्हासाठी टॉवेल गुंडाळला होता. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा श्वास आणि भोपळा दोन्ही सुटायच्या बेतात होते.

काकूंनी भोपळ्यावरून हात फिरवला. देठ चिमटीत धरून पाहिला. तो पार वाळलेला होता, तोडून महिना झाला असावा तसा.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती करताय हो माझ्यासाठी." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

भांडारपाल गुपचूप बाहेरच्या खोलीत गेले. एवढं खोटं पेलणं तिला जड जातंय, हे त्यांना दिसत होतं. आपण जरा भोपळा लहान आणायला हवा होता.

मळ्यात मात्र त्यांनी कमाल केली होती. गवत गेलं, काटे गेले. काकूंनी सुधारणा करू नका म्हणून सांगितलं होतं, पण जिथे काहीच नाही तिथे सुधारणा कशी म्हणणार? त्यांनी सुतळी ताणून, टेप लावून वाफे आखले. असे सरळ की मुंगीलाही रांग सोडायची लाज वाटावी. विटांची पायवाट केली. नळापासून एक पाइप आणला आणि त्याला भोकं पाडली. (पहिल्या दिवशी सगळं पाणी त्यांच्याच तोंडावर उडालं, पण ती भोकांची चूक होती.) मोडक्या दाराचा एक बाक केला. प्रत्येक वाफ्यावर स्टोअरमधल्यासारखी पत्र्याची पाटी लावली. 'कप्पा अ. माल: मुळा.' 'कप्पा ब. माल: पालक.' स्टोअरमध्ये जन्मभर त्यांनी जेवढा माल आला तेवढाच दिला होता. एका बोल्टचे कधी दोन बोल्ट झाले नव्हते.

आणि एका सकाळी कप्पा अ मध्ये मुळा उगवला. जमिनीतून दोन-दोन पानं वर आली होती, ओळीने, टेप लावून ठरवलेल्या जागी. भांडारपाल गुडघ्यांवर बसले. त्यांनी एका कोंबाला बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. आपण केलं हे! असं ओरडून कुणाला तरी सांगावंसं त्यांना वाटलं आणि काकूंशिवाय दुसरं कुणी आठवेना. नेमकं त्यांनाच सांगता येत नव्हतं. हे सुख तिला इतक्या वर्षांत एकदाही मिळालं नाही, या विचाराने भांडारपाल त्या मुळ्यासमोर चक्क रडले. मास्तर पलीकडून पाहत होते. त्यांनी आदराने तोंड फिरवलं.

पाहणीच्या आदल्या दिवशी काकूंचं प्लास्टर निघालं.

"उद्या मी येणार," त्यांनी जाहीर केलं.

"अगं, जिना..."

"बसून बसून उतरेन. पण येणार. जे असेल ते माझ्या डोळ्यांनी बघणार."

जे असेल ते! भांडारपालांना वाटलं, आता हिचं बिंग फुटणार आणि हिला ते सोसणार नाही. काकूंना काय वाटत होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सकाळी दोघं टॅक्सीतून निघाले तेव्हा वाटभर एकमेकांचा हात घट्ट धरून बसले होते आणि दोघंही एकमेकांना धीर देत होते.

"तू काही वाईट वाटून घेऊ नकोस."

"तुम्हीच नका वाटून घेऊ. पुन्हा लावता येतं सगळं."

टॅक्सी पुढच्या फाटकाशी थांबली. काकू काठी टेकत, त्यांच्या खांद्याला धरून आत आल्या. नळापाशी पोचल्या आणि काकू डावीकडे वळल्या. भांडारपाल उजवीकडे वळले. खांद्याला झटका बसला.

"अहो, इकडे."

"अगं, इकडे."

"माझा प्लॉट मला कळत नाही?"

"महिनाभर मी येतोय की तू?"

तेवढ्यात काकूंची नजर डावीकडे गेली आणि त्यांच्या हातातली काठीच पडली. "अगं बाई! टोमॅटो! माझा घेवडा! हा भोपळा तर वेलीवरच आहे!" लंगडत त्या भोपळ्याला जाऊन भेटल्या. भांडारपाल मात्र नळाला धरून उभे राहिले. त्यांना एकाएकी पुढचं फाटक दिसलं, मागचं फाटक दिसलं, आपला डावा हात दिसला, उजवा हात दिसला, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण जमीन त्यांनीच इतकी छान सपाट केली होती की ती दुभंगायची शक्यता नव्हती.

सेक्रेटरी येऊन उभे होते. कानावर पेन्सिल, कपाळावर आठ्या. मास्तर त्यांना हात जोडून विनवत होते.

"मास्तर, प्लॉट सुंदर आहे. पण तुम्ही माळी ठेवलात. मी स्वतः पाहिलाय. डोक्याला रुमाल, हातात टेप. हाच तो!"

बोट भांडारपालांकडे होतं.

"आणि काकू, तुमच्या प्लॉटवर महिनाभर मास्तर राबतायत. तेही पाहिलंय. म्हणजे तुम्ही मास्तरांना लावलंत आणि मास्तरांनी ह्याला लावलं. पोटकंत्राट! नियम म्हणजे नियम. दोन्ही प्लॉट जाणार."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. मास्तर मटकन बाकावर बसले. (बाक टिकला. हे नमूद करायला हवं.)

"तो माळी नाही," काकू कशाबशा म्हणाल्या. "तो नवरा आहे."

"कुणाचा?"

"माझा."

"मग मास्तरांच्या प्लॉटवर काय करतोय?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. आजूबाजूच्या प्लॉटवरची माणसं खुरपी खाली ठेवून गोळा झाली होती. दोन प्लॉट वाचवायचे तर एकच वाट होती आणि ती भांडारपालांच्या अब्रूवरून जात होती. त्यांनी घसा साफ केला.

"मी चुकलो. मागच्या फाटकाने आलो. डावा हात तो उजवा झाला. मला वाटलं, हे रान हिचंच."

"महिनाभर?" सेक्रेटरींनी विचारलं. "घरी रोज भाजी येत होती, मग इथे रान कसं, असा प्रश्न पडला नाही?"

"पडला ना! मला वाटलं..." भांडारपालांनी जमिनीकडे पाहिलं. "मला वाटलं, हिला काही पिकवताच येत नाही. ही मंडईतून भाजी आणून तिला माती फासते."

गोळा झालेल्या बायकांच्या तोंडून 'अगंबाई' असा एकच आवाज निघाला. काकू एक पाऊल पुढे आल्या.

"मी? मंडईतून? इतकी वर्षं?"

"मग मला वाईट वाटलं गं. म्हटलं, तुझा पाय बरा होईपर्यंत इथे खरंच काहीतरी उगवलेलं पाहिजे. म्हणजे तुला पुन्हा खोटं बोलावं लागणार नाही."

काकूंनी विटांची पायवाट पाहिली, ओळीतले मुळे पाहिले, 'माल: पालक' वाचलं. मग पदर तोंडाला लावला. रडतायत की हसतायत ते कळेना. दोन्ही होतं.

"आणि मला वाटलं, तुम्ही माझा प्लॉट पार जाळून टाकलात, आणि मला कळू नये म्हणून मंडईतून आणून वाढताय. म्हणून जांभळी वांगी गपचूप गिळली मी. तो भोपळासुद्धा."

"भोपळा बरा होता ना?"

"पुचाट होता मेला. पण तुम्ही तीन मजले चढवून आणला होतात."

एवढ्यात मास्तर उठले. "म्हणजे माझ्यासाठी तुम्ही मुद्दाम पाठवलं नव्हतंत यांना? आणि ती भाजी? काकू, आम्ही खाल्ली हो सगळी!"

"चांगलं केलंत. कुणीतरी खरी भाजी खाल्ली."

सेक्रेटरींच्या आठ्या मात्र तशाच. "हे सगळं मला पटत नाही. कुठला शहाणा माणूस महिनाभर दुसऱ्याचं रान उपसेल?"

"शहाणा कोण म्हणालं?" काकू कमरेला पदर खोचून पुढे सरसावल्या. नवऱ्याची बाजू घेताना त्यांना पायाचं दुखणंही आठवलं नाही. "थोरलीला शाळेतून आणायला गेले आणि दुसऱ्याच शाळेच्या दारात तिन्हीसांजेपर्यंत उभे होते. माझ्या धाकट्या दिराला दवाखान्यात भेटायला गेले आणि परक्याच माणसाला संत्री सोलून भरवून आले. तो बरा होऊन घरी भेटायलाही आला होता. स्वतःच्या निरोप समारंभाला वरच्या मजल्यावर दुसऱ्याच्या समारंभात बसले, हार घालून घेतला आणि भाषण करून आले! आणि तुम्ही म्हणता, हा माणूस प्लॉट चुकणार नाही?"

सेक्रेटरींनी भांडारपालांना आपादमस्तक न्याहाळलं. भांडारपालांनी मान खाली घालून होकार दिला. निरोपाच्या भाषणाला टाळ्या चांगल्या पडल्या होत्या, हे सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं.

"मजूर नाही, शेजारधर्म," सेक्रेटरी अखेर म्हणाले. "आणि उरलेला मूर्खपणा. दोन्हींविरुद्ध नियम नाही. दोन्ही प्लॉट कायम."

मास्तरांनी भांडारपालांना मिठी मारली. काकू घेवड्याच्या काठीला धरून हसत रडत उभ्या होत्या. माणसं पांगली. सेक्रेटरी मात्र जाता जाता थबकले, इकडे तिकडे पाहिलं आणि काकूंजवळ येऊन आवाज उतरवला.

"काकू, माझ्याही प्लॉटवर हो, या कामाच्या धबडग्यात जरा गवत माजलंय. त्या चिंचोळ्या वाटेच्या शेवटी, विहिरीच्या उजव्या अंगाला. यांना तिकडे पाठवाल का थोडे दिवस?"

"पाठवते की," काकू म्हणाल्या. "पण त्यांना तुमचा पत्ता देऊ नका. शेजारच्याचा द्या, म्हणजे बरोबर तुमच्याकडे येतील."